सिस्टर इग्नेशिया : मद्यपींसाठी रुग्णालयाचे दार उघडणारी धर्मभगिनी

दारूने पोखरलेले एकही घर आपल्या धर्मग्रामात नाही, असे छातीठोकपणे सांगणारा धर्मगुरू विरळाच. अशा घरातील माणसे रविवारी मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि कुणी काही विचारण्याच्या आत निघून जातात. आजाराविषयी शेजाऱ्यांशी बोलता येते, कर्जाविषयीही कधीतरी बोलता येते; परंतु नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा भावाच्या दारूविषयी बोलताना जीभ अडखळते. ही लाज व्यसनी माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला एकटे पाडते आणि या एकटेपणातच व्यसन अधिक बळावते.

सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका किरकोळ देहयष्टीच्या कॅथलिक धर्मभगिनीने हे एकटेपण मोडून काढण्याचे कार्य हाती घेतले. त्या डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. रुग्णालयात रुग्णांच्या नावांची नोंद करण्याचे साधे काम त्यांच्याकडे होते. तरीही त्यांच्या हातून सुमारे पंधरा हजार मद्यपींची सेवा घडली. सिस्टर मेरी इग्नेशिया गॅविन हे त्यांचे नाव. १ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या जीवनाचा हा अल्पसा परिचय.

आयर्लंड ते अमेरिका

सिस्टर इग्नेशिया यांचा जन्म जानेवारी १८८९ मध्ये आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका श्रद्धाळू शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव ब्रिजेट डेला मेरी गॅविन. पश्चिम आयर्लंडमधील या भागाने दुष्काळ आणि दारिद्र्य पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते आणि पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून जाणाऱ्यांची रांग तेथे कधी संपत नसे. डेला सात वर्षांची असताना, १८९६ मध्ये, गॅविन कुटुंबही अमेरिकेला गेले आणि ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात स्थिरावले.

डेलाला संगीताची उपजत देणगी होती. तरुणपणी ती पियानोच्या शिकवण्या घेऊन घरखर्चाला हातभार लावू लागली. व्रतस्थ जीवनाची ओढ मनात होती. परंतु घरच्या जबाबदारीमुळे तो निर्णय काही वर्षे लांबला. अखेर १९१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिने सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ सेंट ऑगस्टीन या व्रतस्थ संघात प्रवेश केला. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांच्या नावावरून तिला इग्नेशिया हे नाव मिळाले. संघाने तिच्याकडे संगीत शिकविण्याचेच काम सोपविले. ती त्यात रमली आणि तिचे नावही झाले.

एक कोलमडलेली सिस्टर

पुढच्या काही वर्षांत कामाचा भार वाढत गेला. सिस्टर इग्नेशिया कुणालाही नाही म्हणत नसत. प्रकृती मुळातच नाजूक, त्यात जेवणाखाण्याकडे दुर्लक्ष आणि विश्रांतीचा अभाव. १९२७ मध्ये त्यांचे शरीर आणि मन दोन्ही एकाच वेळी कोसळले. पोटात व्रण झाले, त्यांतून रक्तस्राव होऊ लागला आणि मज्जासंस्था पार थकून गेली. कित्येक महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की जगायचे असेल, तर संगीताचे काम सोडावे लागेल.

ज्या कलेसाठी आपण ओळखले जातो, तीच एका क्षणी हातातून सुटणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. शिवाय त्या काळी मनाच्या आजाराविषयी व्रतस्थांमध्येही उघडपणे बोलले जात नसे. आपली प्रार्थना कमी पडली काय, आपण दुर्बळ आहोत काय, असे प्रश्न अशा रुग्णाला आतून कुरतडत असत. सिस्टर इग्नेशिया या आजारातून हळूहळू बऱ्या झाल्या. परंतु हा अनुभव त्या विसरल्या नाहीत. पुढे त्यांच्यासमोर जे थरथरते, खचलेले, स्वतःचीच किळस वाटणारे पुरुष येऊन बसत, त्यांच्याकडे त्यांनी कधी उंचावरून पाहिले नाही. कोलमडणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१९२८ मध्ये त्यांच्या संघाने अॅक्रन शहरात सेंट थॉमस रुग्णालय सुरू केले. टायर आणि रबर यांच्या कारखान्यांचे हे कामगारांचे शहर. संगीत शिकविणे आता शक्य नसल्यामुळे सिस्टरांना या रुग्णालयात रुग्ण दाखल करून घेण्याच्या खिडकीपाशी बसविण्यात आले. तसे पाहिले तर हे काम त्यांच्या योग्यतेच्या मानाने दुय्यम होते. परंतु कोणाला खाट द्यायची आणि कोणाला नाही, हे त्याच खिडकीवर ठरत असे. देवाची योजना कित्येकदा अशा आडवाटेने पुढे सरकते.

दारू पिणाऱ्याला खाट नाही

त्या काळची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. बंदीने दारू थांबली नाही. ती चोरवाटांनी वाहू लागली. बंदी उठल्यावर ती पुन्हा उघडपणे मिळू लागली. मात्र दारूच्या आहारी गेलेल्या माणसासाठी दोनच जागा होत्या, तुरुंग किंवा वेड्यांचे इस्पितळ. सर्वसाधारण रुग्णालये अशा रुग्णांना सहसा घेत नसत. ते गोंधळ घालतात, बिल भरत नाहीत आणि त्यांचा आजार त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेला आहे, अशी कारणे दिली जात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली ती १९५६ मध्ये. म्हणजे आपण सांगत आहोत त्या घटनेनंतर सतरा वर्षांनी.

आणि तरीही रुग्णालयाची गरज होतीच. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर हातपाय कापू लागतात, भास होतात, झटके येतात; प्रसंगी जीवही जातो. अशा माणसाला पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच काढावे लागतात. नुसत्या शपथांनी आणि दटावणीने भागत नाही, ते यासाठी.

दोन मद्यपींची भेट

याच अॅक्रन शहरात डॉ. रॉबर्ट स्मिथ नावाचे शल्यविशारद होते. सर्व जण त्यांना डॉ. बॉब म्हणत. हात कुशल, स्वभाव उमदा. परंतु दारूने त्यांचा व्यवसाय आणि संसार दोन्ही बुडत चालले होते. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कहून बिल विल्सन नावाचे गृहस्थ व्यवसायानिमित्त अॅक्रनला आले. शेअर बाजारात उमेदीची वर्षे घालविलेल्या बिल यांना दारूनेच धुळीस मिळविले होते. गेल्या डिसेंबरपासून त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. अॅक्रनमधील काम फसले, हॉटेलात ते एकटे पडले आणि पुन्हा प्यावेसे वाटू लागले. तेव्हा त्यांना एक गोष्ट आठवली : आपण दुसऱ्या मद्यपीशी बोलतो, तेव्हा आपली स्वतःची तहान ओसरते. त्यांनी स्थानिक पाळकांना फोन लावून आपल्यासारखाच एखादा मद्यपी भेटवून द्या, अशी विनंती केली. त्यातून १२ मे १९३५ रोजी त्यांची आणि डॉ. बॉब यांची गाठ पडली. पंधरा मिनिटे थांबायचे ठरवून आलेले डॉ. बॉब त्या दिवशी काही तास बोलत बसले.

डॉ. बॉब यांना तोवर अनेकांनी उपदेश केला होता. बिल यांनी उपदेश केला नाही. त्यांनी स्वतःची कहाणी सांगितली. आपल्याच आजाराची भाषा बोलणारा माणूस डॉ. बॉब यांना प्रथमच भेटला होता. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. तो दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच ए. ए., या बंधुसंघाचा स्थापनादिन मानला जातो. थोड्याच दिवसांत ते दोघे अॅक्रनमधील एका रुग्णालयात तिसऱ्या मद्यपीच्या खाटेपाशी जाऊन बसले. एका मद्यपीने दुसऱ्याचा हात धरायचा आणि त्याने तिसऱ्याचा, हेच या चळवळीचे सूत्र ठरले.

फुलांच्या खोलीतील रुग्ण

डॉ. बॉब सेंट थॉमस रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी येत असत. सिस्टर इग्नेशिया यांच्याशी त्यांची चांगली ओळख होती. मद्यपींना ठेवण्यासाठी शहरातील इतर रुग्णालये नाखूश होऊ लागली, तेव्हा १९३९ मध्ये त्यांनी सिस्टरांना आपली स्वतःची कहाणी सांगितली आणि मदत मागितली. सिस्टरांना जोखीम ठाऊक होती. एखादा रुग्ण रात्री बेफाम झाला, तर वरिष्ठांसमोर जाब त्यांनाच द्यावा लागणार होता. त्यांनी धोका पत्करला. १६ ऑगस्ट १९३९ रोजी पोटाचा तीव्र दाह, असे निदान लिहून त्यांनी पहिल्या मद्यपी रुग्णाला दाखल करून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. बॉब यांनी आणखी एक विनंती केली. या रुग्णाला भेटायला काही माणसे येणार होती. ती नातलग नव्हती; ती दारू सोडलेली माणसे होती आणि त्यांना रुग्णाशी एकांतात बोलायचे होते. रिकामी खोली नव्हती. तेव्हा ज्या लहानशा खोलीत रुग्णांसाठी आलेली फुले लावून ठेवली जात, तिच्यात सिस्टरांनी त्याची खाट सरकविली. त्या फुलांच्या खोलीत एकामागून एक माणसे येऊन बसली आणि प्रत्येकाने आपली कथा त्या रुग्णाला सांगितली. औषध डॉक्टरांनी दिले. परंतु आशा दिली ती या पाहुण्यांनी.

पुढे ही गोष्ट फार काळ लपून राहणार नव्हती आणि सिस्टरांना ती लपवायचीही नव्हती. रुग्णालयाच्या प्रमुख सिस्टर क्लेमेंटाइन यांनी पाठिंबा दिला. फादर व्हिन्सेंट हास हे तरुण धर्मगुरू ए. ए.च्या सभेला जाऊन आले आणि त्यांनी अनुकूल मत दिले. ही चौकशी आवश्यक होती. आरंभी ए. ए.चे सभासद ऑक्सफर्ड ग्रुप या प्रॉटेस्टंट चळवळीच्या सभांना जात आणि तेथील जाहीर पापकबुलीच्या पद्धतीमुळे कॅथलिक सभासदांची पंचाईत होत असे. १९३९ मध्ये क्लीव्हलँड आणि अॅक्रन येथील सभासद त्या चळवळीपासून वेगळे झाले आणि कोणत्याही पंथाच्या माणसाला मोकळेपणी येता येईल असा मार्ग खुला झाला. पुढे फादर एडवर्ड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूंना ए. ए.च्या बारा पायऱ्यांत संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य आढळले.

पाच दिवसांची दिनचर्या

एका खाटेच्या दोन झाल्या, दोनाच्या चार आणि पुढे एक स्वतंत्र कक्षच उभा राहिला. तेथून जवळच रुग्णालयाच्या चॅपेलचा सज्जा होता. झगा घातलेला रुग्ण कुणाच्या नजरेस न पडता तेथे जाऊन पवित्र साक्रामेंतासमोर बसू शकत असे. कक्षात कॉफीचे भांडे दिवसरात्र गरम असे. कारण कॉफीच्या पेल्यावर माणसे बोलती होतात.

रुग्णाला प्रवेश मिळे तो स्पॉन्सर बरोबर असेल तरच. स्पॉन्सर म्हणजे ए. ए.चा असा सभासद, ज्याने स्वतः दारू सोडलेली आहे आणि जो या नवख्याची जबाबदारी घेण्यास तयार आहे. माणूस खरोखर मदत मागतो आहे की केवळ बायकोच्या वा मालकाच्या धाकाने आला आहे, याची सिस्टर स्वतः चौकशी करीत. उपचार पाच दिवसांचे असत. पहिला दिवस स्वागताचा, दुसरा वस्तुस्थिती ओळखण्याचा, तिसरा स्वतःच्या वर्तनाची झडती घेण्याचा, चौथा निश्चयाचा आणि पाचवा पुढील आयुष्याची आखणी करण्याचा. या काळात नातलगांना भेटीची परवानगी नसे. दिवसभर येत ते फक्त ए. ए.चे सभासद, कुणी कारखान्यातील पाळी संपवून, कुणी दुकान बंद करून.

दाखल झालेल्या माणसाला पुन्हा त्या कक्षात प्रवेश मिळत नसे. हा नियम ऐकून आज आपल्याला कठोर वाटेल आणि मद्यासक्ती वारंवार उलटणारा आजार आहे, हे आता वैद्यकशास्त्रही सांगते. परंतु त्या मोजक्या खाटांसाठी बाहेर माणसे तिष्ठत होती. शिवाय कक्षाचे काम पाच दिवसांचे आणि बंधुसंघाचे काम जन्मभराचे, अशी विभागणी होती. पुढचा आधार रुग्णालयात नव्हे, तर सभेत आणि सोबत्यांत शोधायचा होता. सगळेच काही तरले नाहीत. काही पुन्हा प्यायले, काही त्यातच गेले. जे परतले नाहीत, त्यांच्यासाठीही सिस्टर प्रार्थना करीत राहिल्या.

निरोपाच्या वेळी सिस्टर प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचे एक लहानसे पदक देत. तो कॅथलिक आहे की नाही, याने फरक पडत नसे. अट एकच : पहिला घोट घेण्याआधी हे पदक सिस्टरांना परत आणून द्यायचे. गुत्त्याच्या दारापर्यंत गेलेला हात खिशातील त्या पदकाला लागे आणि परत नेऊन देण्यासाठी त्या माउलीसमोर उभे राहण्याचे धैर्य होत नसे. अशा रीतीने कित्येक जण त्या एका संध्याकाळी वाचले. सोबत बहुधा थॉमस ए केम्पिस यांच्या ख्रिस्ताच्या अनुकरणाविषयीच्या ग्रंथाची लहान प्रतही असे.

डॉ. बॉब यांनी या रुग्णांकडून स्वतःसाठी एक पैसाही घेतला नाही. १६ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे कर्करोगाने निधन झाले. तोवर सेंट थॉमसमध्ये त्या दोघांनी मिळून सुमारे पाच हजार मद्यपींवर उपचार केले होते.

रोझरी हॉल

१९५२ मध्ये सिस्टर इग्नेशिया यांची बदली क्लीव्हलँडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी रुग्णालयात झाली. वय त्रेसष्ट, प्रकृती तोळामासा. चोवीस वर्षांचे काम मागे ठेवून निघणे सोपे नव्हते. तरी आज्ञापालनाचे व्रत त्यांनी निमूटपणे पाळले. तेथील कक्षाची जागा मोडकळीस आलेली होती. तेव्हा बरे झालेले मद्यपी पुढे आले. त्यांच्यात सुतार होते, नळकारागीर होते, रंगारी होते, वीजतंत्री होते. दिवसाचे काम संपवून ते येत आणि विनामोबदला राबत. ७ डिसेंबर १९५२ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या पूर्वसंध्येस, रोझरी हॉल सोलॅरियम सुरू झाला. जपमाळेचे नाव धारण करणाऱ्या या कक्षाच्या इंग्रजी आद्याक्षरांत डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांची आद्याक्षरेही जुळून आली होती.

रोझरी हॉलमध्ये आणखी सुमारे दहा हजार रुग्ण आले. एक माणूस पितो तेव्हा सारे घर आजारी पडते, हे सिस्टरांनी ओळखले होते. म्हणून त्या पत्नींना आणि मुलांना भेटत, त्यांचे ऐकून घेत आणि मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून उभ्या राहिलेल्या अल-अॅनॉन या संघाकडे त्यांना वळवीत. नवरा दारू सोडो वा न सोडो, पत्नीला स्वतःचे जीवन सावरण्याचा हक्क आहे, ही जाणीव त्या काळी अनेक स्त्रियांना नवी होती.

कीर्तीपासून सिस्टर दूरच राहिल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या कारकिर्दीत, १९६१ मध्ये, व्हाइट हाउसनेही त्यांच्या कार्याची दखल घेतली. परंतु त्याचे श्रेय त्यांनी देवाला आणि आपल्या संघाला दिले. प्रकृती खालावल्यावर त्या आपल्या संघाच्या रिचफील्ड येथील मठात राहू लागल्या. तेथेच १ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, प्रभूने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. त्यांच्या अंत्यविधीला आलेल्यांत असे असंख्य पुरुष आणि स्त्रिया होत्या, ज्यांची नावे कुणी विचारली नाहीत आणि ज्यांनी ती सांगितलीही नाहीत.

आपल्यासाठी बोध

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण जखमीला उचलणाऱ्या वाटसरूचे कौतुक करतो. परंतु जखमीला ठेवून घेणारा एक उतारशाळेचा चालकही त्या कथेत आहे. सिस्टर इग्नेशिया यांचे काम त्या चालकासारखे होते. मद्यपीला त्याच्यासारखाच माणूस उचलून आणीत असे. सिस्टरांनी त्या दोघांना एकत्र बसण्यासाठी जागा दिली, दार लावून घेतले आणि कॉफी पाठविली. बरे करणारे शब्द आपलेच असले पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरला नाही. एका धर्मभगिनीची ही नम्रता फार मोलाची आहे.

हा सोबतीचा मार्ग आपल्याकडेही पोहोचला आहे. भारतात ए. ए.चे कार्य १९५७ पासून सुरू आहे. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनची सुरुवात केली आणि तिचे काम वसईपर्यंत आले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच पुढे दुसऱ्याचा सोबती होतो, हे सूत्र या ठिकाणीही जपले गेले.

प्रश्न आहे तो आपल्या धर्मग्रामाचा. आपल्या लग्नात, बारशात आणि सणासुदीला दारूचा पेला पुढे करताना आपण क्षणभर थांबतो काय? पाहुण्याने नको म्हटले, तर त्याची थट्टा न करता त्याला सरबत देतो काय? व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या तरुणाला संघटनेत, गायकवृंदात, सोयरिकीत जागा देतो काय, की त्याच्या पाठीमागे त्याचा भूतकाळ कुजबुजत राहतो? ज्या घरातील बाई मिस्सा संपताच घाईने निघून जाते, तिला बाहेरच्या पायरीवर कुणी थांबवून विचारपूस करते काय?

डब्लिनचा गोदीकामगार मॅट टॅलबट हा एके काळी पट्टीचा मद्यपी. ख्रिस्तसभेने त्याला १९७५ मध्ये वंदनीय म्हणून घोषित केले. ज्याला समाजाने टाकून दिले, त्याच्यातून देव पवित्र जीवन घडवू शकतो, याची ही साक्ष. परंतु मॅटलाही दारू सोडण्याची शपथ धर्मगुरूसमोर घेता आली आणि सिस्टर इग्नेशिया यांच्या रुग्णांनाही निदान एक खिडकी उघडी सापडली. आपल्या धर्मग्रामात अशी एक तरी खिडकी उघडी असावी. व्यसनाशी झगडणाऱ्या सर्व बंधुभगिनींना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि त्यांच्या सोबत्यांना आपण येशूच्या पवित्र हृदयाच्या स्वाधीन करू या.